‘झोळीवाले’ या शब्दाबद्दल

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी उठून पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण ते काही जमलं नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा हे गाव आणि तिथे काम केलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप असे: तपशिलात चूक आहे, गावाच्या जंगलहक्काच्या लढ्याचं श्रेय बाहेरून आलेल्या एका कार्यकर्त्याला दिलं आहे, गावातल्या बायका लेखात कुठेच नाहीत, आणि शेजारच्या गावांना हे का साधलं नाही, हे विचारलेलं नाही. या सगळ्याच्या मधोमध तुमचं हे वाक्य: ‘झोळीवाले आले, फोटो काढले, पुरस्कार घेऊन गेले, बांबू आदिवासींनीच तोडला.’

आधी चुकीचं. २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामपंचायतीच्या हाती आलं, असं मी लिहिलं होतं. ते ग्रामसभेच्या हाती आलं. ग्रामपंचायत तेव्हा लेख्याची होती, मेंढा त्यातलं एक गाव, आणि सामूहिक वनहक्क मेंढ्याच्या ग्रामसभेचा. चूक माझी. दुरुस्त केली आहे, आभार. पण एका शब्दावरून ‘बाईंनी गाव पाहिलं तरी आहे का?’ असं विचारायची काय गरज होती?

पाहिलं आहे. १९९४ मध्ये समाजकार्याची पदवी घेऊन मी धानोरा तालुक्यात आले. वडील आठ महिने माझ्याशी बोलले नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात दोनदा मलेरिया झाला. ज्या संस्थेने मला पाठवलं होतं, तिने चार महिने मानधन दिलं नाही. तेव्हा ज्या घरात राहत होते तिथल्या काकूंनी एकदाही भाड्याचा विषय काढला नाही. झोळी माझ्याही खांद्यावर होती. तिच्यात क्लोरोक्विनच्या गोळ्या, एक चादर आणि अर्जांचे कोरे फॉर्म असायचे. फोटो काढायला कॅमेरा नव्हता.

म्हणून हा शब्द मला लागला, हे लपवत नाही.

आणि तो तुम्ही कुणाबद्दल वापरलात? मोहनभाऊ जयप्रकाशांच्या संपूर्ण क्रांतीच्या आंदोलनातून आलेले. आईवडिलांची नावं आपल्या नावाला जोडून आडनाव टाकून दिलेला हा माणूस. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ या संस्थेचं काम करता करता, सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेणारं गाव शोधत ते मेंढ्यात पोचले. सहमतीची रीत त्यांनी गावाला शिकवली, असं मी माझ्या लेखात कुठेही म्हटलेलं नाही. पुन्हा वाचा. गावचेच नेते असलेल्या देवाजी तोफांचं नाव मी त्यांच्या आधी घेतलं आहे.

मग बाहेरच्या माणसाने केलं काय? अभ्यासगटात बसून कायदा वाचला. हे तुम्हाला किरकोळ वाटत असेल, तर बांबूचीच गोष्ट घ्या. १९२७ च्या वन अधिनियमात २०१७ पर्यंत बांबू झाडांमध्ये मोडत होता. २००६ च्या वनहक्क कायद्यात मात्र गौण वनोपजाच्या, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या इतर मालाच्या, व्याख्येतच ‘बांबू’ हा शब्द लिहिलेला आहे. मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर २००९ मध्ये हक्क मिळाला, पण टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, मिळेना. बांबू आपला, तोडायचाही आपणच, आणि गावाच्या हद्दीबाहेर नेला तर तो चोरीचा माल! ही कोंडी फुटायला २०११ उजाडलं. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा ते पुस्तक मिळालं. बांबू आदिवासींनी तोडला, कबूल. पण तो विकता यावा म्हणून कायद्यातला एक शब्द धरून वर्षानुवर्षं बसावं लागतं. त्या बसण्याला तुम्ही फोटो काढणं म्हणता? पुरस्कार कुणाला किती मिळाले, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. तुम्ही ठेवलेला दिसतो.

मेंढ्याच्या ग्रामसभेत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा न विचारता उठून बोलले. कॉलेजात शिकलेलं सगळं बोलले, दहा-बारा मिनिटं तरी. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘झालं का बाई? बसा आता.’ आणि त्यांची चर्चा गोंडीत सुरू झाली. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. निर्णय त्या दिवशी झालाच नाही, कारण एका माणसाला तो पटला नव्हता. पुढच्या सभेवर गेला. बाहेरच्याने किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे त्या गावाला आपल्यापेक्षा नीट कळतं. अशा गावाला कुणी चार झोळीवाले येऊन गुंडाळून गेले असं म्हणता, तेव्हा अपमान मोहनभाऊंपेक्षा गावाचा जास्त होतो. हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

बायकांबद्दल म्हणाल, तर तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो मी लिहिणार आहे. शेजारच्या गावांचा प्रश्न फार मोठा आहे, इथे त्यात शिरत नाही. आणि ‘तुम्हा एनजीओवाल्यांची भाषा’ वगैरे जे लिहिलंय, त्याला उत्तर देत नाही. मला कुठल्याही संस्थेचा पगार शेवटचा मिळाला त्याला आता बरीच वर्षं झाली.

मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले. ते असते, तर तुमच्याशी दोन तास शांतपणे बोलले असते, अशी माझी खात्री आहे. मला तेवढं जमत नाही. जो माणूस उत्तर द्यायला उरलेला नाही, त्याच्याबद्दल टोपणनावाआडून असं लिहिणं मला बरं वाटलं नाही, आणि ते मी स्पष्ट सांगते आहे.

प्रतिक्रिया काढून टाकणार नाही. राहू दे तिथेच, लोक वाचतील. ‘झोळीवाले’ हा शब्द तेवढा मागे घ्या. आणि गडचिरोलीतच राहत असाल तर नाव-पत्ता कळवा. पुढच्या महिन्यात धानोऱ्याला येणार आहे, प्रत्यक्ष बोलू.