कांजिण्यांची लस ‘वाया गेली’ हे कोणत्या चाचणीने ठरवले?

‘कांजिण्यांच्या लशीचे दोन्ही डोस झाले तरी आयजीजी तपासून घ्या, निगेटिव्ह आले तर लस वाया गेली, पॉझिटिव्ह आले तर जन्मभर चिंता नाही, आणि लॅब कोणतीही असो, चाचणी एकच,’ असा संदेश पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो. आयजीजी हे रक्तातले प्रतिपिंड, म्हणजे जंतूंशी लढण्यासाठी शरीर बनवते ते प्रथिन. संदेशामागची काळजी खरी आहे. विधाने मात्र टिकणारी नाहीत.

‘लस वाया गेली’ हे त्यांतले सर्वांत घातक विधान. लशीतील ‘ओका’ नावाचा कांजिण्यांचा विषाणू क्षीण केलेला असल्यामुळे त्याने निर्माण होणारी प्रतिपिंडे प्रत्यक्ष आजारानंतरच्या प्रतिपिंडांपेक्षा बरीच कमी असतात. बाजारातील नेहमीचे एलायझा किट (रंगावरून प्रतिपिंडे ओळखणारी चाचणी) आजारानंतरची भरपूर प्रतिपिंडे सहज ओळखते, पण लशीनंतरची थोडी प्रतिपिंडे त्यातून अनेकदा निसटतात. प्लेटमधल्या खळग्यात रंग उमटतो, तो ठरलेल्या मर्यादेइतका गडद होत नाही, आणि अहवालावर ‘निगेटिव्ह’ छापले जाते. म्हणूनच अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था दोन डोसांची नोंद असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची लशीनंतर अशी तपासणी करण्याची शिफारस करत नाही. शिवाय टी पेशींनी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींनी) मिळणारे संरक्षण या तपासणीत मोजलेच जात नाही.

‘चाचणी एकच’ हेही खरे नाही. ज्या चाचणीशी बाकीच्या चाचण्या ताडून पाहिल्या जातात ती ‘फामा’ १९७४ साली प्रसिद्ध झाली. ओका लशीचा पहिला अहवालही त्याच वर्षीचा. फामामध्ये विषाणूबाधित पेशी मृत किंवा स्थिर न करता त्यांवर रुग्णाचे रक्तजल (सीरम) घालतात, मग चमकणारे रंगद्रव्य जोडलेले दुसरे प्रतिपिंड सोडतात, आणि संरक्षक प्रतिपिंडे असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या कडेने हिरवे कडे उजळते. त्यासाठी जिवंत विषाणू वाढवावा लागतो आणि सरावलेली नजर लागते, त्यामुळे ही चाचणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते. विषाणूचे शुद्ध ग्लायकोप्रोटीन (साखर जोडलेले प्रथिन) वापरणारा एलायझा लशीच्या अभ्यासांसाठी तयार झाला; तो गल्लीतल्या लॅबमध्ये मिळत नाही. लॅटेक्सचे सूक्ष्म कण वापरणारी लॅटेक्स चाचणी झटपट होते, पण तिच्यात खोटे पॉझिटिव्ह येऊ शकतात.

‘जन्मभर चिंता नाही’ याबद्दल एवढेच पुरे, की कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि आयजीजी पॉझिटिव्ह असलेल्या माणसालाही पुढे नागीण होऊ शकते. नुकतेच इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे औषध) टोचले किंवा रक्त चढवले असेल, तर दिसणारी प्रतिपिंडे उसनी असू शकतात.

तपासणी खरोखर उपयोगी पडते ती वेगळ्या प्रसंगी. कांजिण्या झाल्याचे आठवत नाही, लशीची नोंद नाही, आणि गरोदर स्त्रीचा रुग्णाशी जवळून संपर्क आला, तर आयजीजी तातडीने करून घ्यावी. गरोदरपणात ही जिवंत लस देता येत नाही, आणि इम्युनोग्लोब्युलिन द्यायचे ठरलेच तर ते संपर्कानंतर १० दिवसांच्या आत द्यावे लागते.