‘दुखणं माहीत असून गाडी घेतलीत?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

पिंपरीतल्या कारखान्यात उभी हयात इंजिनं जुळवण्यात गेली, असं तुम्ही लिहिलंत. ते लिहिलं नसतंत तरी प्रतिक्रियेच्या तिसऱ्या ओळीत कळलंच असतं. ‘छान लिहिलंय’च्या ढीगभर प्रतिक्रियांपेक्षा अशी एक खरपूस मला परवडते, म्हणून हे ऐसपैस उत्तर.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी: मी म्युनिकला राहतो आणि गेल्या लेखात माझ्या सेकंडहँड बीएमडब्ल्यू एम-३ बद्दल लिहिलं होतं. २००८ची, चार दारांची, हाताने गिअर टाकायची. काकांचं म्हणणं असं की ज्या इंजिनाची बिग एंड बेअरिंगं (पिस्टनचा रॉड क्रँक या फिरत्या दांड्याला जिथे जोडतो तिथली) जातात हे जगजाहीर आहे ते पैसे मोजून घरी आणणं हा कुठला शहाणपणा? त्याच पैशात वॉरंटीसकट कोरी गाडी येते. अडीचशेच्या वेगाची हौस सार्वजनिक रस्त्यावर कशाला? वर असं लिहून पुण्यातल्या मुलांना नादी का लावता? आणि सगळ्यात शेवटी, माझ्या मते खरी ठिणगी जिथे पडली ती गोष्ट: त्यांचा भाचा श्टुटगार्टला नोकरीला लागलाय आणि माझा लेख वाचल्यापासून रोज रात्री जुन्या एम-३च्या जाहिराती चाळत बसतो. ‘दारात हत्ती झुलवायचा तर आधी वैरणीचा हिशेब मांडा,’ हे तुमचं वाक्य. मांडतो. पण आधी बेअरिंग.

दुखणं खरं आहे, त्यात वाद नाही. एस-६५ नावाचं हे इंजिन म्हणजे ३९९९ सीसीचा व्ही-८. ४२० हॉर्सपॉवर, तेही ८३०० आरपीएमला. टर्बो नाही, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप. ब्लॉक लँड्सहूटच्या त्याच ओतशाळेतला, जिथे बीएमडब्ल्यूच्या फॉर्म्युला वनच्या इंजिनांचे ब्लॉक ओतले जात. आठ सिलिंडर असूनही आधीच्या एम-३च्या सहा सिलिंडरवाल्या इंजिनापेक्षा ते पंधरा किलोंनी हलकं. एवढा सगळा थाट केला, आणि क्रँकच्या जर्नलभोवती (बेअरिंग ज्यावर बसतं तो त्याचा गोल भाग) तेलाला जागा देताना मात्र हात आखडला.

ठोकताळा तुम्हाला मी काय सांगणार. जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग एवढी फट. इथे जर्नल ५२ मिलिमीटरचं, म्हणजे फट ०.०५ मिलिमीटरच्या आसपास हवी. ज्या इंजिन बांधणाऱ्यांनी ही इंजिनं उघडून मोजली त्यांना ती त्याहून कमी भरली. वर कंपनीने सांगितलेलं तेल १०डब्ल्यू-६०, गार असताना भलतंच दाट. त्यात सकाळी उणे पाचात गाडी सुरू करून पहिल्याच सिग्नलला काटा सहा हजारांवर नेणारा मालक मिळाला की झालंच. फटीचा दोष, तेलाचा की चालवणाऱ्याचा, यावर इथल्या मंडळींत अजून हमरीतुमरी चालते. माझ्या मते मुळात फटीचा, आणि उरलेला मालकाचा. पुढच्या वर्षांत कंपनीने शिशाच्या शेलऐवजी (शेल म्हणजे बेअरिंगची अर्धी कडी, दोन मिळून एक बेअरिंग) बिनशिशाचे शेल वापरले. त्यानेही प्रश्न मिटला नाही.

तुम्हाला राग काढायला आणखी एक जागा दाखवतो. याच घरातल्या आधीच्या एम-३ला, २००१ ते २००३च्या गाड्यांत, बेअरिंगचाच त्रास निघाला होता. तेव्हा कंपनीने मोहीम काढून ती बदलून दिली. या व्ही-८साठी तसा रिकॉल निघाला नाही. मालकांनी आपापल्या खिशातून केलं.

पण ‘दुखणं आहे’ इथून तुम्ही थेट ‘म्हणून घेऊ नये’वर उडी मारलीत. मधली पायरी राहिली: इलाज काय आणि कितीला. बेअरिंगं बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही. इंजिन वरून पेलून धरायचं, पुढचा सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) खाली सोडायचा, तेलाचा चेंबर काढायचा आणि खालून एकेक कॅप सोडून शेल बदलायचे. रॉडचे बोल्ट नवेच लागतात, कारण ते एकदाच ताणायचे असतात. इंजिनाची माउंटिंगं तेव्हाच बदलून घ्यावीत, मजुरी वाचते. ही इंजिनं रोज हाताळणाऱ्या स्वतंत्र गॅरेजात दोन ते तीन हजार युरो. वेळेवर केलं तर विषय संपला. टाळलं आणि शेल फिरला, तर क्रँक जातो आणि बिल पाच आकडी होतं.

म्हणजे गाडी बघायला जाताना प्रश्न एकच उरतो: हे काम झालंय का, आणि झालं असेल तर पुरावा दाखव. मी जिच्याकडून घेतली त्या बाईंनी टेबलावर आधी जाड फाइल ठेवली. पहिल्या दोन हजार किलोमीटरला जे तेल बदलायचं असतं त्याच्यापासूनची बिलं तारीखवार, प्रत्येक बिलावर किलोमीटर. मग एक झिपची पिशवी काढली. आत जुने शेल, सोळाच्या सोळा, जोडीजोडीने कागदात गुंडाळून वर सिलिंडरचा नंबर घातलेला. मी खिडकीशी नेऊन एकेक पाहिला. बहुतेकांचा करडा थर शाबूत होता. दोन-तीन जोड्यांवर मात्र मधोमध घासून खालचं तांबं उघडं पडलेलं, बोटाच्या पेराएवढं. गाडीने नव्वद हजार किलोमीटर केले असताना ते काढले होते. मी पैसे मोजले ते खरं तर त्या पिशवीला आणि फाइलीला. त्याच आठवड्यात पाहिलेली दुसरी एम-३ चार हजारांनी स्वस्त होती, रंग फर्मास, किलोमीटर कमी आणि कागद म्हणाल तर शून्य. मालक म्हणाला, ‘आमच्या गाडीला कधीच काही झालं नाही.’ मी चहासुद्धा न घेता निघालो.

तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून शिसं-तांबं किती उतरलंय ते पाहता येतं, हा मुद्दा तुम्ही काढलात. मी तो प्रत्येक तेल बदलताना पाठवतो. पण त्यावर विसंबून गाडी घेऊ नये. एका नमुन्यावरून काही कळत नाही, ओळीने चार-पाच असले तर कल कळतो. विकणाऱ्याने कालच तेल बदललं असेल तर तो अहवाल रद्दीत घाला.

आणि दुखणं फक्त याच घरात आहे असं समजू नका. त्या काळात जर्मनीतल्या तिन्ही मोठ्या घरांनी मधल्या आकाराच्या सेडानमध्ये व्ही-८ बसवले. ऑडीच्या आरएस-४ मध्ये ४.२ लिटरचा, तोही ४२० हॉर्सपॉवरचाच. त्याच्या इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन चढतो आणि सस्पेन्शनचे डॅम्पर गळतात. मर्सिडीजच्या सी-६३ एएमजीमध्ये ६२०८ सीसीचा, ४५७ हॉर्सपॉवर. सुरुवातीच्या इंजिनांचे हेड बोल्ट तुटायचे. नंतर आलेल्या टर्बोवाल्या एम-३चं क्रँक हबचं गाऱ्हाणं वेगळंच. निरोगी कुणी नाही. मला माझ्या गाडीचा रोग नावानिशी ठाऊक आहे आणि औषधाची किंमतही. थ्रॉटलचे दोन अ‍ॅक्चुएटर असतात, त्यांच्या आतली प्लास्टिकची गिअरं झिजतात आणि गाडी अर्ध्या ताकदीवर येते. तेही मी धरून चाललोय.

आता वैरण. गाडीची पहिली नोंदणी १ जुलै २००९च्या आधीची असेल तर पेट्रोल गाडीला इथला कर इंजिनाच्या आकारावर आणि धुराच्या युरो वर्गावर बसतो, माझ्या वर्गात दर शंभर सीसीला ६.७५ युरो. चाळीस शंभरं, म्हणजे वर्षाला २७० युरो. त्यानंतर नोंदलेल्यांना कार्बन डायऑक्साइडचाही हिशेब लागतो आणि आकडा बराच फुगतो. म्हणून मी मुद्दाम जुनी शोधली. पेट्रोल ९८ ऑक्टेनचं, शहर आणि हायवे मिळून लिटरला सात किलोमीटर. हसा. तेल एका वेळी जवळपास नऊ लिटर, आणि गाडीचा संगणक सांगतो त्याच्या निम्म्या अंतरावर मी ते बदलतो. डिपस्टिक नाही, पातळी इलेक्ट्रॉनिक. तुमच्यासारख्याला हे वाचून झोप लागणार नाही. हिवाळ्यात गाडी बंद. नंबरप्लेटच एप्रिल ते ऑक्टोबरची आहे, विमा आणि कर तेवढ्याच महिन्यांचा. मात्र उरलेले महिने ती सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही, म्हणून गॅरेजचं भाडं आलं. टायर, ब्रेक, सर्व्हिस सगळं धरून पेट्रोल सोडून वर्षाला तीन हजार युरो मी बाजूला टाकतो. एखाद्या वर्षी उरतात, एखाद्या वर्षी पुरत नाहीत.

‘त्याच पैशात कोरी गाडी’ – येते की. दीडशे हॉर्सपॉवरची, नीटनेटकी, बिनबोभाट. पण तिची किंमत पहिल्या तीन वर्षांत जेवढी पडते तेवढ्यात माझ्या गाडीची वैरण भागते. ही नवी होती तेव्हा साठ हजार युरोंच्या वर होती. ती घसरण पहिल्या मालकांनी सोसली, मी निम्म्याच्या आसपास घेतली. आता ती फारशी पडत नाही, कारण २०१३नंतर टर्बोशिवायचा व्ही-८ एम-३मध्ये आलाच नाही. याला कुणी गुंतवणूक म्हणायला लागलं की मी विषय बदलतो. मात्र एक गोष्ट लेखात लिहिली होती, ती पुन्हा लिहितो: जुनी झाली तरी हिचा ब्रेक साठ हजारांच्या गाडीचाच ब्रेक आहे. किंमत उतरते, सुट्या भागांचं बिल उतरत नाही. ज्याला नवीचा देखभालखर्च झेपत नाही त्याने जुनी घेऊ नये.

वेगाबद्दल थोडक्यात. ऑटोबानवर जिथे मर्यादा नाही तिथेही १३० हा शिफारशीचा वेग आहे, आणि त्याच्या वर असताना अपघात झाला तर चूक समोरच्याची असूनही तुमच्या गळ्यात वाटा पडू शकतो. शनिवारी म्युनिक ते साल्झबुर्ग रस्त्यावर निघा, शंभरही मिळाले तर नशीब. या गाडीची मजा मला ऐंशीच्या वेगात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, गावामागच्या डोंगररस्त्यावर येते. तीही तेल तापल्यावर. आरपीएमच्या काट्याभोवती पिवळे दिवे असतात, इंजिन गार असताना ते लवकर सुरू होतात आणि तापेल तसे एकेक विझतात. ते विझेपर्यंत मी चार हजारांच्या वर जात नाही, मागे कुणी कितीही चिकटो.

पुण्यातल्या मुलांना मी नादी लावतोय, हे मात्र पटलं नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात आयात करता येत नाही आणि स्टीअरिंग उजवीकडे लागतं. म्हणजे ही गाडी इथून कुणी नेऊ म्हटलं तरी नेता येणार नाही. तिकडेच विकल्या गेलेल्यांपैकी एखादी बाजारात येते, पण शेल बदललेला हात शोधायला कुठे जाणार आणि भाग येईपर्यंत गाडी किती महिने उभी राहणार? पुण्यात राहत असतो तर मीही घेतली नसती.

राहिला भाचा. त्याला माझ्याकडून सांगा, आत्ता एम-३ घेऊ नकोस. नोकरीचे पहिले सहा महिने प्रोबेशनचे, विम्यात ‘नो क्लेम’ची वर्षं शून्य म्हणून हप्ता सगळ्यात चढा, आणि गाडी रस्त्यावर उभी राहणार. हौस फारच असेल तर २००५ ते २००७ची ३३० आय बघ. तेच शरीर, तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडर, २५८ हॉर्सपॉवर, टर्बो नाही, वर्षाचा कर दोनशेच्या आसपास. चालवायला गोड गाडी आहे, आणि बिघडली तर कोपऱ्यावरचं गॅरेजही दुरुस्त करतं.

आणि कुठलीही बघायला जाणार असशील तर आदल्या दिवशी फोन करून सांग की इंजिन गार हवं. पोचल्यावर ते गरम लागलं तर गार सुरू होतानाचा आवाज लपवलाय असं धर आणि परत ये. ट्यूफची, म्हणजे इथल्या सक्तीच्या वाहनतपासणीची, दोन वर्षांची पास चिठ्ठी दाखवतील. ते ब्रेक, दिवे, गंज, धूर बघतात, इंजिन उघडत नाहीत. डीलरकडून घेतलीस तर सामान्य ग्राहकाला किमान वर्षभराची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर राहते. म्हणूनच जाहिरातीत ‘फक्त व्यापारी किंवा निर्यातीसाठी’ असं असेल तर पुढे सरक. खासगी मालक ती जबाबदारी करारात नाकारू शकतो, बहुतेक नाकारतातच.

काका, त्याला माझा ईमेल द्या. म्युनिकच्या आसपासची गाडी असेल तर मीच बरोबर जाईन. पिशवी घेऊन बसलेला मालक आहे की रंग दाखवणारा, ते दोघांना मिळून लवकर कळेल.