शेपूट ढिलं नाही, ते तसंच असतं – आपल्या एक ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

आपला अभिप्राय वाचला. आधी माफी मागतो. तुमच्या हॉलसाठी केलेला ग्लायडर, म्हणजे ऑटो लिलिएन्थाल या जर्मन माणसाच्या बिनइंजिनाच्या विमानाची प्रतिकृती, नऊ दिवस उशिरा पोचला. पत्रिका छापून झालेल्या, पाहुणे ठरलेले, आणि आमचा टेम्पो उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी दारात, म्हणजे तुमच्या जिवाला काय घोर लागला असेल ते समजतं. पावसाळी हवेत कापडाला दिलेली खळ वाळेना, हे कारण खरं आहे. पण ते तुम्हाला वेळेवर फोन करून सांगायला हवं होतं. तिथे चुकलो.

आता पुढचं. तुम्ही लिहिलंय, "शेपूट ढिलं आहे, पोरांनी बोट लावलं तरी वर उचललं जातं. पावणेदोन लाख घेऊन असलं काम! शेवटी आमच्या शिपायाने चार स्क्रू मारून पक्कं केलं."

सर, ते शेपूट ढिलं ठेवायला मला दोन दिवस लागले होते.

ऑटो लिलिएन्थालच्या 1894 च्या ग्लायडरचं आडवं शेपूट वर मोकळं उचललं जातं, ते मुद्दामच. हा माणूस टेकडीवरून धावत सुटायचा आणि हवेत कोपरांपासूनचे हात चौकटीत टेकवून लोंबकळत जायचा. सुकाणू नाही, दांडा नाही. पाय आणि कंबर इकडे-तिकडे फेकून तोल सांभाळायचा, एवढंच. उतरताना वेग कमी करायचा तर अंग मागे टाकून नाक वर करायचं, म्हणजे अख्खा पंख वाऱ्याला आडवा येतो. अशा वेळी शेपूट घट्ट असेल तर खालून येणारी हवा त्याला वर ढकलते आणि नाक पुन्हा खाली जातं. म्हणून त्याने शेपूट असं ठेवलं की खालून हवा लागली की ते आपलं आपण वर उचललं जावं. पक्षी फांदीवर बसताना बघा, तोही असंच अंग मागे टाकून पंख वाऱ्याला आडवे धरतो. हा गृहस्थ आयुष्यभर पक्षीच बघत होता, 1889 मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं होतं.

मी पहिल्यांदा बिजागरी बसवली तेव्हा ती जड पडली, शेपूट मध्येच अडकायचं. काढली, घासली, परत बसवली. तरी जमेना तेव्हा कातड्याची पट्टी लावून बघितली. तिसऱ्या वेळी शेपूट फुंकरीने हललं तेव्हा आमच्या कारागिराने हातातला चहा खाली ठेवून टाळी वाजवली. त्याच जागी आता चार स्क्रू आहेत. तुम्ही टाकलेल्या फोटोत त्यांची डोकी चमकताना दिसतात. फोटो मोठा करून बघू नये असं ठरवलं होतं, तरी बघितला.

आणखी एक, राग मानू नका. त्याच फोटोंमध्ये प्रमुख पाहुणे चौकटीत हात घालून, पाय उचलून लोंबकळलेले दिसतात. मागे टाळ्या चालल्यात. डाव्या पंखाची तार सैल झाल्याचं तुम्ही लिहिलंय, ती त्याआधी सैल होती की नंतर झाली एवढंच विचारतो. कोटेशनवर "फक्त प्रदर्शनासाठी, भार देऊ नये" असं छापलेलं आहे. खाली तुमची सही आहे. "उडतही नाही" या तक्रारीचं उत्तरही त्याच ओळीत आहे.

कापड मळकट नाही, कोरं मांजरपाट आहे. पांढरंशुभ्र हवं असतं तर टेरिकॉट लावलं असतं आणि ते लग्नाच्या मांडवासारखं दिसलं असतं. मूळ सांगाडा विलो झाडाच्या लवचिक फोकांचा होता. तेवढ्या लांबीचे फोक मला मिळाले नाहीत म्हणून वेत वापरला, आणि ते कोटेशनमध्ये लिहिलं होतं. "बांबू लावून फसवलं" हे मात्र लागलं हो.

किमतीचं म्हणाल तर 6.7 मीटर पंखांचं, मूळ मापाचं काम आहे ते. लिलिएन्थाल स्वतः बर्लिनच्या त्याच्या कारखान्यातून हे यंत्र 500 मार्कांना विकायचा, आणि तेव्हाही सगळ्यांनी उड्या मारून घेतलं नव्हतं. 2016 मध्ये जर्मनीच्या अंतराळ आणि विमान संशोधन केंद्राने आंक्लामच्या लिलिएन्थाल म्युझियमकडून अशीच प्रतिकृती करून घेतली आणि ती वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे मोठ्या पंख्याने वारा सोडून विमानं तपासतात तिथे, तपासली. तिथे प्रतिकृतीला शोभेची वस्तू समजत नाहीत. माझ्याकडे बोगदा नाही, एक पेडेस्टल फॅन आहे. पण मापं मी तितक्याच निष्ठेने धरतो.

"तळपद्यांचं विमान द्यायचं सोडून जर्मन माणसाचं गळ्यात मारलं" हे वाचून काय बोलावं कळेना. यादी तुमच्या संस्थेच्या लेटरहेडवर आली होती, आणि त्यात लिलिएन्थालच होता. मुंबईच्या शिवकर तळपद्यांनी राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं असं सांगतात; त्यांच्या यानाची भरवशाची मापं कोणी दिली तर मी उद्या लाकूड कापायला घेतो. लिलिएन्थालची मापं आहेत, त्याच्या उड्डाणांचे ढिगाने फोटो आहेत, मूळ यंत्रंसुद्धा म्युनिक, लंडन, वॉशिंग्टनला टिकून आहेत. त्याचं काम हाती घेण्याचं कारण तेवढंच.

आम्ही तिघं जण आहोत. वर्षाला अशी चार-पाच कामं मिळतात. आपला अभिप्राय पडल्यापासून एका शाळेचं काम ठरत आलं होतं, त्यांचा फोन परत आलेला नाही. त्याचं कारण हाच अभिप्राय आहे असं म्हणत नाही, पण रात्री झोप लागत नाही हे खरं.

यापुढे प्रत्येक कामाबरोबर माहितीचा कागद देऊ, वेळेचंही बघू.

तुमच्या शिपायाला म्हणावं, स्क्रू काढायला हात लावू नको, वेत चिरेल. मी स्वतः येतो. भोकं बुजवून, तार ओढून देतो, पैसे नकोत. फक्त सकाळी दहाच्या आत हॉल उघडून मिळावा, कारण शेपूट हलतं की नाही ते बघताना पंखा बंद लागतो आणि मुलं आली की तुमच्याकडे पंखे बंद करू देत नाहीत. परवा दोनदा फोन केला होता, उचलला गेला नाही. आज पुन्हा करतो.

आपला,
वर्कशॉपवाला