छत्तीस नाबादवरून माणूस मोजणाऱ्यांनो

सकाळपासून तिघांनी तेच रील पाठवलंय. १९७५चा विश्वचषक, लॉर्ड्स, इंग्लंडविरुद्ध गावसकर १७४ चेंडूंत नाबाद ३६. मागे सर्कशीतलं वाटावं असं संगीत आणि खाली ठळक अक्षरांत 'भारताचा सर्वांत स्वार्थी खेळाडू'. कमेंटमध्ये लोकांची हसून मुरकुंडी वळलीय. यातल्या निम्म्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. माझाही नव्हता, पण मी असली रीलं फिरवत नाही.

हो बाबांनो, ती खेळी रटाळ होती. समोर ३३४ धावा, साठ षटकं हा माणूस खेळपट्टीवर उभा आणि चौकार एक. त्याने स्वतःच ती आपली सर्वांत वाईट खेळी म्हणून लिहून ठेवलंय. आमच्या घरी मात्र तो विषय कधी मिटलाच नाही. गावसकरचं नाव निघालं की बाबा शेवटपर्यंत एकच वाक्य म्हणायचे, "स्वतःपुरतं बघणारा माणूस."

आता १९९३ची दंगलीतली मुंबई आठवा. गावसकर घराच्या गच्चीवर होता. खाली जमावाने एका कुटुंबाला घेरलेलं त्याला दिसलं. तो धावत खाली गेला आणि मध्ये उभा राहिला. त्यांचं जे काही करायचं ते आधी माझं करा, असं त्याने जमावाला सुनावलं. ते कुटुंब वाचलं. हे जगाला सांगितलं त्याच्या मुलाने, रोहनने, कितीतरी वर्षांनी.

त्याच दिवसांत आमच्या गल्लीतही जमाव आला होता. आमच्याकडे रोज सायकलवरून येणाऱ्या पाव-खारीवाल्या पोराला त्यांनी धरलं. पत्र्याची पेटी उलटी पडली होती, खारीचा चुरा रस्ताभर. सगळी बिल्डिंग गॅलरीत. बाबा बनियनवर बाहेर आले, बघितलं, मला आत ओढलं आणि दाराची कडी घातली. काही दिवसांनी पाव घेऊन दुसराच कोणीतरी यायला लागला. त्या पोराबद्दल कोणी विचारलं नाही.

आणि कडी घालणारा तो हात 'स्वतःपुरतं बघणारा' कोणाला म्हणायचा? गावसकरला!

कोणी म्हणेल, हेल्मेट न घालता वेस्ट इंडिजच्या मार्शल-होल्डिंगला तोंड देणारा माणूस, तो जमावाला काय घाबरणार. साफ चूक. वेगवान गोलंदाजीसाठी नेट्स असतात, हातात बॅट असते. जमावासाठी काय असतं? १९७१च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातल्या ७७४ धावा, पाकिस्तानविरुद्ध बंगळुरूचे ९६ हे मी मुद्दामच काढत नाही. ते तुम्हाला पाठ आहे आणि त्याचा इथे संबंधही नाही.

मेलबर्न १९८१? ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं म्हणून जोडीदार चेतन चौहानलाही घेऊन मैदानाबाहेर निघाला. शुद्ध आडमुठेपणा, मान्य. क्रिकेट अकादमीसाठी सरकारकडून मिळालेली वांद्र्याची जागा तीस वर्षांहून जास्त पडून राहिली आणि २०२२मध्ये परत केली, तेही मान्य. माइक हातात आला की कधीकधी नको ते बोलतो. ठीक आहे, लिहा वजाबाकीत. पण मग हलाखीतल्या जुन्या खेळाडूंसाठी त्याने 'चॅम्प्स' नावाची संस्था काढली, ते कोणत्या रकान्यात जाणार? त्याचं रील नाही दिसलं कुठे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. बाबा वाईट नव्हते. घरात आम्ही लहान भावंडं, म्हातारी आजी. खाली गेले असते तर कदाचित ही पोस्ट लिहायला मीही नसतो. तेव्हाच्या मुंबईत बहुतेकांनी कडीच घातली आणि त्यासाठी कोणाला फासावर द्या असं मी म्हणत नाही. पण ज्याने घातली नाही त्याला निदान स्वार्थी म्हणू नये, एवढी तरी लाज असावी की नाही?

बाबांशी हा वाद मला कधी घालताच आला नाही, आता येणारही नाही. तुमच्याशी घालू शकतो, रात्री उशिरापर्यंत जागा आहे. फक्त कमेंटमध्ये मेलबर्न काढू नका, ते वर मान्य करून झालंय.