जुने कन्सोल आणि खर्चाचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बंद पडलेले गेम कन्सोल स्वस्तात घेऊन घरी चालू करण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. हा सल्ला वाचकांची दिशाभूल करणारा आहे, असे आपले म्हणणे आहे. अवजारांचा खर्च धरला तर स्वस्ताई उरत नाही, तेच खेळ मोबाइलवर फुकट चालतात आणि अननुभवी माणसाला विजेची वस्तू उघडायला लावणे धोक्याचे आहे, ही आपली तीन कारणे. त्याच्या जोडीला आपण स्वतःचा अनुभवही दिला आहे : ठाण्यातल्या एका दुकानाने आपला जाडा (म्हणजे सुरुवातीच्या, मोठ्या आकाराचा) प्लेस्टेशन 2 ‘लेन्स गेली’ असे सांगून परत केला आणि दुरुस्तीची रक्कम ऐकून आपण तो माळ्यावर टाकला.

मोबाइलविषयी वाद नाही. ज्याला फक्त खेळ हवा आहे, त्याने खुशाल एम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारे ॲप, वापरावा. माझा लेख यंत्र हवे असणाऱ्यांसाठी होता. (लहानपणी टीव्ही गेममधली बदके टिपायची ती खेळण्यातली बंदूक मात्र जुन्या काचेच्या टीव्हीसमोरच चालते, आजच्या सपाट टीव्हीसमोरही नाही, एवढे जाता जाता नोंदवतो.)

खर्चाच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली यांची संपूर्ण किंमत आपण एकाच कन्सोलच्या माथी मारली आहे. शिलाई यंत्राची किंमत कोणी एका पोलक्याच्या शिलाईत धरत नाही. आणि खरा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे : दुरुस्ती स्वस्त पडणार की महाग, हे ती वस्तू विकत घेताना ठरते. बंद कन्सोलचा दोष वीजपुरवठ्यात किंवा जोडणीत असेल तर तो थोडक्यात निघतो. मुख्य चिप किंवा डिस्क वाचणारा भाग गेला असेल तर निघत नाही. म्हणून ‘बंद आहे’ एवढे ऐकून पैसे मोजू नयेत, कसा बंद आहे हे आधी पाहावे.

नव्वदच्या दशकात घरोघरी असलेला, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या कन्सोलची नक्कल असलेला ‘टीव्ही गेम’ याचे चांगले उदाहरण आहे. ठाण्यातल्या नौपाडा, पाचपाखाडी भागांतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की माळे रिकामे होतात आणि हे डबे कॅसेटींसकट भंगारवाल्याकडे पोहोचतात. आतील मुख्य चिप बहुधा काळ्या रेझिनच्या थेंबाखाली असते. ती गेली असेल तर विषय संपला. परंतु लाल दिवाच लागत नसेल, तर आधी अडॅप्टरचे सॉकेट पाहावे. वर्षानुवर्षे वायर ओढली गेल्याने त्याचे सोल्डरिंग तडकलेले असते. त्यानंतर 7805 हा तीन पायांचा व्होल्टेज रेग्युलेटर (व्होल्टेज 5 वर स्थिर ठेवणारा भाग) शोधावा. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असे धरल्यास डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला ग्राउंडचा आणि उजवा बाहेर जाणाऱ्या 5 व्होल्टचा. डाव्या पायावर 9 व्होल्टच्या आसपास दिसत असताना उजव्यावर काहीच नसेल, तर तो भाग बदलून पाहावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

दिवा लागतो पण चित्र येत नाही, तेव्हा संशय कॅसेटच्या पिनांवर घ्यावा. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत काही पावसाळे काढलेल्या पिनांवर काळपट थर धरतोच. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल लावून त्या पुसाव्यात आणि कॅसेट पूर्ण वाळल्याशिवाय घालू नये. फुंकर मारण्याची आपली सर्वांची जुनी खोड तेवढी सोडावी, कारण तोंडातली वाफ पिनांना आणखी गंजवते.

आता सुरक्षिततेचा आपला आक्षेप. तो योग्य आहे. त्याची मर्यादा कोठे आखायची, एवढाच आपला मतभेद. वर सांगितलेल्या टीव्ही गेमला बाहेरच्या अडॅप्टरमधून जेमतेम 9 व्होल्ट मिळतात, तेथे धोका माणसाला नसून यंत्राला असतो. फॅमिकॉम आणि सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्ह कन्सोलच्या अडॅप्टरची मधली पिन ऋण असते, तर राउटरसारख्या आजच्या बहुतेक वस्तूंच्या अडॅप्टरची धन. त्यामुळे ‘पिन बसली म्हणजे चालेल’ या समजुतीवर जाऊ नये. आपल्या जाड्या प्लेस्टेशन 2 मध्ये मात्र वीजपुरवठा आतच असतो. 230 व्होल्टचा पुरवठा तेथे एकदिश (डीसी) झाला की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ ते राहू शकतात. तो कप्पा, तसेच जुन्या टीव्हीची मागची बाजू, नवख्याने उघडूच नये. अमेरिकेहून किंवा जपानहून नातेवाइकाने आणलेला जाडा कन्सोल असेल, तर मागचे लेबल वाचल्याशिवाय तो आपल्या भिंतीतल्या सॉकेटला लावूही नये.

आपल्या कन्सोलबद्दल सांगायचे, तर ‘लेन्स गेली’ हे निदान अनेकदा घाईने केले जाते. प्लेस्टेशन 2 चे काही खेळ खालून निळ्या दिसणाऱ्या सीडीवर आले, बाकीचे चंदेरी डीव्हीडीवर, आणि दोन्हींसाठी लागणारा लेझर वेगवेगळ्या तरंगलांबीचा असतो. म्हणून दोन्ही प्रकारच्या मूळ, घरी न कोरलेल्या डिस्क घालून पाहाव्यात. कोरलेल्या डिस्कवरून प्रकाश कमी परत येतो आणि थकलेली लेन्स तेथे आधी हरते. एकच प्रकार वाचला जात असेल, तर दुकानदाराचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. दोन्ही अधूनमधून वाचल्या जात असतील, तर लेन्सवरची धूळ आणि ती ज्या दांडीवर सरकते तिच्यावरचे सुकलेले ग्रीस यांच्याकडे पाहावे. झाकण उघडणे आपल्याला नको वाटत असेल, तर दुसऱ्या कारागिराला नेमके एवढेच काम सांगावे : लेन्स पुसून, जुने ग्रीस काढून नवे पातळ लावावे. लेझरची ताकद वाढवणारा छोटा स्क्रू फिरवायला मात्र त्याला स्पष्ट नकार द्यावा; त्याने दोन दिवस कन्सोल चालतो आणि उरलेसुरले आयुष्य लवकर संपते. एवढे करूनही डिस्क वाचली गेली नाही, तर त्यावर आणखी पैसे घालू नयेत आणि तो सुट्या भागांसाठी विकावा. मूळ कंट्रोलर आणि मेमरी कार्ड यांना आजही गिऱ्हाईक मिळते.