बटण बदलणे वेगळे, बटणे एकत्र करणे वेगळे

उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर माळ्यावरून खाली उतरू लागले की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा : बटणे बदलायला वायरमन लागत नाही आणि कायद्याची आडकाठीही नाही, मेन बंद केला की घरात करंट राहत नाही, दोन-तीन बटणांचे काम एकाच बटणावर घेतले की बोर्ड सुटसुटीत होतो, कूलर आणि गीझर यांसाठी ६ अँपिअरचे बटण काढून १६ चे बसवावे, आणि जिन्यातल्या बटणाची तिसरी तार जादा असते, ती टेप गुंडाळून सोडून द्यावी. यातले पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे आणि त्याच्या आडोशाने उरलेली चार खपून जातात, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

१९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमाने वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याचे बंधन घातले, पण दिवे, पंखे, फ्यूज आणि स्विच बदलणे त्यातून वगळले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही ही सवलत कायम राहिली. मात्र तिला एक अट आहे : त्या बदलामुळे मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. खराब झालेले बटण काढून तसेच दुसरे बसवणे या सवलतीत बसते. दोन सर्किटे एकमेकांना जोडणे बसत नाही. संदेश लिहिणाऱ्याने सवलत तेवढी उचलली आणि अट गाळली.

मेन बंद केला की करंट राहत नाही, हे इन्व्हर्टर नसलेल्या घरापुरते ठीक आहे. भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे गावोगावी इन्व्हर्टर आले, आणि मेन कोणी मुद्दाम बंद केला की वीज गेली, हा फरक इन्व्हर्टरला कळत नाही. तो क्षणात बॅटरीवर जातो आणि दिवे-पंख्यांच्या तारेत २३० व्होल्टच्या आसपासचाच दाब सोडतो. म्हणजे ज्या बोर्डाचे स्क्रू आपण निर्धास्तपणे सोडवत असतो, तोच बोर्ड जिवंत असतो. उलट इन्व्हर्टरचे बटण बंद करून मेन चालू ठेवला, तर बहुतेक इन्व्हर्टर मेनची वीज तशीच पुढे जाऊ देतात. दोन्ही बंद करावे लागतात. टेस्टर चालतो की नाही, हेही वीज बंद करण्यापूर्वी पाहून घ्यावे, कारण भर उजेडात त्यातला निऑन दिसत नाही आणि कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिले तर तो मंद पेटतो.

बटणे एकत्र करण्याचा सल्ला मात्र सर्वांत धोकादायक आहे, आणि गंमत म्हणजे त्याच्या समर्थनार्थ दिलेले गणित बरोबर आहे. ९ वॅटचे १० एलईडी दिवे मिळून ९० वॅट होतात, म्हणजे जेमतेम ०.४ अँपिअर, ६ अँपिअरच्या बटणाला तो भार नव्हेच. प्रश्न भाराचा नसून फेज, म्हणजे बटणापर्यंत वीज आणणारी जिवंत तार, कोठून आला याचा आहे. दोन्ही बटणांना एकाच तारेने लूप केलेले असेल, तर दोन दिव्यांच्या हाफ वायर, म्हणजे बटणापासून दिव्याकडे जाणाऱ्या तारा, एका बटणावर घेता येतात. फक्त जाड आणि बारीक तार एकाच स्क्रूखाली दाबू नये, कारण बारीक तार सैल राहते आणि तेथे बोर्ड तापून काळा पडतो. पण एका बटणाचा फेज मेनवरून आणि दुसऱ्याचा इन्व्हर्टरवरून आलेला असेल आणि ते दोन फेज एका तुकड्याने जोडले गेले, तर वीज गेल्यावर इन्व्हर्टर फ्रिज-कूलरसह साऱ्या घराचा भार ओढू पाहतो आणि बहुधा ओव्हरलोड होऊन बंद पडतो. तो बंद पडेपर्यंत त्याची वीज मीटरमार्गे बाहेरच्या लाइनवर जाऊ शकते, जेथे खांबावर एखादा लाइनमन काम करत असेल. वीज परत आली की मेनचा दाब इन्व्हर्टरच्या आउटपुटवर येतो आणि त्याचे कार्ड जळते. तीन फेजच्या घरात तर दोन बटणे दोन वेगळ्या फेजांवर असू शकतात. त्यांच्यात सुमारे ४०० व्होल्टचा फरक असतो आणि ते जोडणे म्हणजे थेट शॉर्ट. हे काहीच बाहेरून दिसत नाही, सगळे बोर्ड सारखेच दिसतात.

१६ अँपिअरच्या बटणाने भिंतीतली तार जाड होत नाही. ३००० वॅटचा गीझर सुमारे १३ अँपिअर घेतो. त्याला मेनपासून स्वतंत्र, निदान २.५ चौरस मिलिमीटरची तार आणि स्वतःची एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा खटका, हवी. दिव्यांच्या १ चौरस मिलिमीटरच्या तारेवर तो चालवला, तर बटण थंड राहील आणि तार प्लास्टरच्या आत तापेल. कूलरला तर १६ चे बटण मुळात लागतच नाही. साधा घरगुती कूलर २०० वॅटच्या आसपास, म्हणजे १ अँपिअरहूनही कमी घेतो. त्याला लागते ते अर्थिंग, कारण लोखंडी पत्रा आणि पाणी एकत्र आलेले असतात. संदेशात अँपिअरची एवढी काळजी आहे, पण अर्थिंगचा किंवा करंटची गळती होताच वीज तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचा शब्दही नाही.

जिन्यातल्या बटणाला तीन टर्मिनल असतात, कारण ते टू-वे असते, म्हणजे एकच दिवा खालून आणि वरून अशा दोन बटणांनी चालतो. मधल्या कॉमनवर फेज किंवा दिव्याची तार येते आणि उरलेल्या दोन तारा वरच्या मजल्यावरच्या जोडीदार बटणाकडे जातात. त्यांतली एक सोडून खाली साधे बटण लावले, तर वरचे बटण एका बाजूला असतानाच दिवा लागतो, आणि फेज वरच्या बटणावर आणि दिव्याची तार खालच्या बटणावर असेल, तर टेप गुंडाळलेली तार वरचे बटण दुसऱ्या बाजूला केले की जिवंत होते. आमच्या अमळनेरच्या जुन्या घरात असेच झाले होते. रात्री कोणी वर जाऊन बटण दाबले की जिन्यातला दिवा सकाळपर्यंत खालून लागत नसे, आणि आजी म्हणे की दिवा रुसला. दिवाळीच्या रंगकामासाठी बोर्ड उघडला तेव्हा ती तिसरी तार सापडली. टेप उन्हाळ्यांनी वाळून सुटली होती आणि तांबे बोर्डाच्या पत्र्यापासून बोटभर अंतरावर होते.