‘सुई टोचली का भडकते म्हने!’ हेपॅरनेजच्या मेसेजला उत्तर

माझी मावशी फैजपूरला असते. छातीत गाठ लागली म्हणून गेल्या सोमवारची जळगावची बायोप्सी, म्हणजे सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणं, ठरली होती. रविवारी रात्री फोन आला, ‘‘सुई टोचली का ते भडकते म्हने. मी काही येत नाही.’’ कोण म्हणे? व्हॉट्सअ‍ॅप म्हणे. टाकणारा माझाच मावसभाऊ! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोच मेसेज मला आणखी दोन ग्रुपवर दिसला, म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज थोडक्यात असा. कॅन्सरचं मूळ म्हणजे हेपॅरनेज नावाचं एकच एन्झाइम (अंगातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन). बायोप्सीच्या सुईनं ते मोकळं सुटतं आणि कॅन्सर अंगभर पसरतो. शुगरवाल्यांची किडनीही तेच खातं. औषध कंपन्यांनी हे दडवून ठेवलंय. उपाय: केळीच्या खांबाचा रस २१ दिवस अनशापोटी, नाहीतर मेडिकलमधून हेपॅरिनची, म्हणजे रक्त पातळ करायची, इंजेक्शनं. वर ‘शंभर टक्के शाकाहारी’ असा शिक्का.

मी संशोधक नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गाठींच्या स्लाइड रोज हातातून जातात, तेवढ्या अधिकारानं बोलते.

हेपॅरनेज खरं आहे, हे आधी कबूल करते. पेशींभोवती जी जाळी असते तिच्यात हेपॅरन सल्फेट नावाच्या साखरेच्या लांब साखळ्या असतात. हे एन्झाइम त्या कापतं. जाळी फाटली की कॅन्सरच्या पेशींना बाहेर पडायला वाट मिळते, शिवाय साखळ्यांना चिकटून बसलेले वाढीचे घटक सुटतात आणि गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात. बऱ्याच कॅन्सरमध्ये ते वाढलेलं सापडतं. पण ते पसरायला हातभार लावतं, मूळ नाही. कॅन्सर सुरू होतो पेशीच्या जनुकांतल्या बिघाडानं. आणि हेपॅरनेज तुमच्या-माझ्या अंगातही आहे: रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटमध्ये, पांढऱ्या पेशींमध्ये, बाळंतपणातल्या वारेतही. जखम भरायलाही ते लागतं.

आता सुई. मेसेज लिहिणाऱ्यानं कुठेतरी वाचलं असावं की जखम झाली की प्लेटलेट हेपॅरनेज सोडतात. सोडतात, बरोबर. मग मावशी, गवत कापताना विळा लागतो तेव्हा काय होतं? शुगर तपासायला बोट टोचतो तेव्हा? सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचे प्रकार अगदीच होत नाहीत असं मी म्हणणार नाही. लिव्हरच्या काही गाठींत ते क्वचित घडतं, आणि अंडकोषातल्या संशयित गाठीला डॉक्टर सहसा सुई लावतच नाहीत, ऑपरेशन करून अंडकोषच काढतात. म्हणजे कुठे टोचायचं नाही हे डॉक्टरांना ठाऊक आहे, त्यासाठी फॉरवर्ड लागत नाही.

स्वादुपिंडाचा कॅन्सर घ्या, पसरण्यात याच्याइतका वाईट दुसरा क्वचितच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑपरेशन झालेल्या २,०३४ रुग्णांचा हिशोब मांडला. त्यातल्या ४९८ जणांना ऑपरेशनआधी सुई लावून तपासलं होतं. सुईवाल्यांचं मध्यम आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले ते) निघालं २२ महिने, बिनसुईवाल्यांचं १५. सुईनं आयुष्य वाढतं असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण सुईनं कॅन्सर भडकत असता तर हे आकडे उलटे पडायला हवे होते.

आणि बायोप्सी करायची नाही तर करायचं काय? स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतातच. ते कळायचं कसं, हात लावून? कॅन्सर निघालाच तर तो हार्मोनवर वाढणारा आहे का, हर-टू नावाचं प्रथिन त्यात जास्त आहे का, हे त्या तुकड्यावरच तपासतात आणि औषध त्यावरून ठरतं. तुकडा नाही तर उपचार अंदाजानं. २१ दिवस रस पीत बसायचं, तोवर गाठ काय एकादशी धरणार आहे?

रसाचं सांगते. खांबाचा रस आपल्याकडे मुतखड्यावर देतात, पिणाऱ्यानं प्यावा. त्यानं माणसातलं हेपॅरनेज अडतं आणि कॅन्सर थांबतो, याला कसलाही पुरावा नाही. वाईट म्हणजे हाच रस किडनी बिघडलेल्या शुगरवाल्यांनाही सांगितलाय. डायबेटिसच्या किडनीत हेपॅरनेजचा हात असावा असं उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलंय, मान्य. पण केळीच्या खांबात पोटॅशियम भरपूर. किडनी थकलेल्याच्या रक्तात ते साचलं तर हृदय बंद पडू शकतं. डायलिसिसवाल्यांना केळंसुद्धा जपून खायला सांगतात ते उगाच नाही.

हेपॅरिनबद्दल थोडक्यात. प्रयोगशाळेत ते हेपॅरनेजला अडवतं, हेही खरं. ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २,२०२ रुग्णांवर त्याच जातीचं डाल्टेपॅरिन वापरून पाहिलं, निकाल २०१६ मध्ये छापून आला: रक्ताच्या गुठळ्या कमी झाल्या, रक्तस्राव वाढला, आयुष्य वाढलं नाही. रक्त पातळ करणारं हे इंजेक्शन मनानं घ्यायची वस्तू नव्हे. आणि ते बनतं डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून. शंभर टक्के शाकाहारी!

दडवल्याचा आरोप तर हसण्यावारी न्यावा. या एन्झाइमचं जनुक १९९९ सालीच शोधून जाहीर केलंय. कंपन्यांनी त्याला अडवणारी औषधं बनवलीसुद्धा. पीआय-८८ नावाचं एक लिव्हर कॅन्सरच्या ऑपरेशननंतर द्यायच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेलं आणि तिथे नापास झालं. चाललं असतं तर कंपनीनं ते दडवलं असतं की सोन्याच्या भावानं विकलं असतं?

मावशीला यातलं निम्मं फोनवर सांगितलं. तिला पटलं ते डुकराचं. बाकीचं म्हणाली, ‘‘आल्यावर बोलू.’’ येत्या गुरुवारची तारीख मिळाली आहे. गाडी मावसभावानंच आणायची आहे.